‘आपण’ की ‘आम्ही’? भाषांच्या अनेकपणाचा धार्मिक अर्थ

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सगळे धर्म माणूस एक आहे असं सांगतात, मग भाषा इतक्या का? बायबलमधल्या बाबेलच्या गोष्टीप्रमाणे ही शिक्षा समजायची का? आता फोनवर क्षणात भाषांतर होतं, जग जवळ आलं आहे, तर सगळ्यांची हळूहळू एकच भाषा होणं हेच देवाच्या मनात असेल का? आणि जाता जाता विचारलेला, पण मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा वाटलेला प्रश्न: प्रार्थना आईच्या भाषेत करावी की ग्रंथाच्या मूळ भाषेत?

मी सव्वीस वर्षं धर्मग्रंथांची भाषांतरं करते आहे आणि वेगवेगळ्या धर्मांची माणसं एकत्र बसतात तिथे दुभाषी म्हणून बसते. त्या कामातून जे हाती लागलं त्यावरून उत्तर देते. भाषा अनेक असण्याला मी शिक्षा मानत नाही. माणसांची एकी खरी किती आणि तोंडदेखली किती, हे मला तरी नेहमी भाषांच्या सांध्यावरच कळलं आहे.

बाबेलपासून सुरुवात करू, कारण गैरसमजाचं मूळ तिथे आहे. ही गोष्ट बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात अकराव्या अध्यायात येते आणि अवघ्या नऊ वचनांत संपते. सगळ्या पृथ्वीची एकच भाषा होती. लोक शिनार देशातल्या मैदानात आले, त्यांनी विटा भाजल्या, नगर आणि आभाळाला टेकणारा बुरूज बांधायला घेतला. देवानं त्यांच्या भाषेचा घोटाळा केला, काम थांबलं, माणसं पांगली. लहानपणी आपण एवढंच ऐकतो, आणि एक भाषा म्हणजे सुख, अनेक भाषा म्हणजे शाप, हे डोक्यात बसतं ते बसतंच. पण एक पान मागे जाऊन बघा. दहाव्या अध्यायात जलप्रलयातून वाचलेल्या नोहाच्या तिन्ही मुलांचे वंश सांगितले आहेत आणि तिन्ही ठिकाणी ही कुळं आपापल्या देशांत, आपापल्या भाषांप्रमाणे राहिली असं म्हटलं आहे. म्हणजे ग्रंथाच्या क्रमात भाषा बाबेलच्या आधीच अनेक आहेत, आणि तिथे राग नाही की शाप नाही. अभ्यासक सांगतात की दोन निराळ्या परंपरा इथे एकापुढे एक ठेवल्या गेल्या. तसं असेल. पण ज्यांनी त्या याच क्रमानं ठेवल्या, त्यांना ही विसंगती दिसली नसेल असं मला वाटत नाही.

मग बाबेलमध्ये बिघडलं काय? तिथले लोक म्हणतात, आपलं नाव करू, नाहीतर पृथ्वीभर पांगून जाऊ. देवानं मात्र माणसाला पहिल्यापासून सांगितलं होतं की पृथ्वी भरून टाका. यांना एका जागी, एका नावाखाली गोळा होऊन राहायचं होतं. एकोणिसाव्या शतकातले ज्यू भाष्यकार नफ्ताली त्स्वी यहूदा बर्लिन यांनी या आग्रहावर बोट ठेवलं आहे. त्यांच्या मते तिथे सगळ्यांचं मतही एकच असायला हवं होतं, आणि कुणी वेगळा विचार घेऊन बाहेर पडू नये ही त्या नगराची भीती होती. त्याहून कितीतरी जुनी एक ज्यू कथा ‘पिर्के द रब्बी एलिएझर’ या संग्रहात आहे. बुरुजावरून माणूस पडून मेला तर कुणी वळूनही बघत नसे. वीट पडली की मात्र सगळे बसून रडत, की आता हिच्या जागी दुसरी वर कधी येणार.

ही वीट माझ्या डोक्यातून जात नाही. पडणाऱ्या माणसाच्या आणि बांधणाऱ्यांच्या भाषेत काहीच अंतर नव्हतं. त्याची हाक सगळ्यांना कळणारी होती, तरी ती कुणाच्या कानात शिरली नाही. भाषा वेगळ्या होण्याआधीच तिथे ऐकणं संपलं होतं.

आता मूळ हिब्रूतला एक शब्द बघा. देव म्हणतो, यांच्या भाषेचा असा घोटाळा करू की एकाला दुसऱ्याचं बोलणं कळणार नाही. जिथे आपण ‘कळणार नाही’ म्हणतो तिथे मुळात ‘शमा’ हे क्रियापद आहे. त्याचा पहिला अर्थ ऐकणं. समजणं आणि मानणं हे अर्थही त्याच शब्दात राहतात. मराठीत हे समजावून सांगावं लागत नाही. ‘तो माझं ऐकत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा त्याच्या कानात दोष नसतो. बाबेलमध्ये जे हरवलं ते हे ऐकणं. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

ख्रिस्ती परंपरेत बाबेलचं उत्तर म्हणून पेंटेकॉस्टचा प्रसंग सांगतात. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात तो आहे. येशूचे शिष्य यरुशलेममध्ये एकत्र जमले आहेत, वाऱ्यासारखा आवाज होतो, ज्वाळांच्या जिभा दिसतात आणि ते बोलू लागतात. बाहेर ठिकठिकाणचे लोक आहेत: पार्थी, मेदी, एलामी, मेसोपोटेमियाचे, मिसरचे, रोमचे, अरब. लेखक ही नावं एकामागून एक मोजत जातो, घाई करत नाही. ते लोक चकित होऊन विचारतात, हे सगळे गालीलचे ना, मग आपल्यातल्या प्रत्येकाला आपल्या जन्माच्या भाषेत कसं ऐकू येतंय? त्या गर्दीतल्या बहुतेकांना ग्रीक किंवा अरामी येत असणार. कामचलाऊ एक भाषा हाताशी होती. तरीही चमत्कार झाला तो प्रत्येकाच्या घरच्या भाषेत. चौथ्या शतकातले ख्रिस्ती धर्मपंडित नाझियांझसचे ग्रेगरी यांना प्रश्न पडला होता की हा चमत्कार बोलणाऱ्यांच्या जिभेचा की ऐकणाऱ्यांच्या कानांचा. त्यांनी जिभेच्या बाजूनं कौल दिला. माझा कल कानाकडे आहे, पण तो माझा कल झाला.

असेच प्रसंग इतरत्रही आहेत. तालमुदात, म्हणजे ज्यू पंडितांच्या चर्चांच्या ग्रंथात, शब्बात या प्रकरणात म्हटलं आहे की सिनाय पर्वतावर देवाच्या मुखातून निघालेला प्रत्येक शब्द सत्तर भाषांत विभागला गेला. सत्तर ही जगातल्या सगळ्या राष्ट्रांची संख्या, दहाव्या अध्यायातल्या वंशावळीवरून धरलेली. जैन परंपरेत तीर्थंकरांच्या समवसरणाचं, म्हणजे उपदेशसभेचं, वर्णन येतं. वाणी एकच, पण देव, माणसं, पशू, पक्षी, सगळ्यांना ती आपापल्या भाषेत कळते. या कथा एकमेकींवरून घेतल्या असं मला मुळीच म्हणायचं नाही, प्रत्येकीचा संदर्भ वेगळा आहे. पण तिन्ही ठिकाणी दैवी वाणी माणसांना एक भाषा शिकवत बसत नाही. ती ऐकणाऱ्याच्या घरी जाते.

कुराण या बाबतीत सगळ्यांत उघडपणे बोलतं. तिसाव्या सूरेत, म्हणजे अध्यायात, अल्लाहच्या खुणा सांगताना म्हटलं आहे की आकाश आणि पृथ्वीची निर्मिती आणि तुमच्या भाषांचं आणि रंगांचं वेगळेपण या त्याच्या खुणा आहेत, जाणत्यांसाठी यात संकेत आहेत. खूण यासाठी अरबी शब्द ‘आयत’, आणि कुराणाच्या वचनालाही आयतच म्हणतात. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून राहिले होते. ज्या शब्दानं वचनाला ओळखतात, त्याच शब्दानं माणसांच्या भाषांनाही खूण म्हटलं आहे. एकोणपन्नासाव्या सूरेत तर कारणही दिलं आहे: तुम्हाला एका पुरुषापासून आणि एका स्त्रीपासून निर्माण केलं आणि तुमची राष्ट्रं नि कुळं केली, ती तुम्ही एकमेकांना ओळखावं म्हणून.

वेदांचा उल्लेख आला की लोक लगेच ‘एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति’ म्हणतात. ते वचन मोठं आहेच, पण या प्रश्नाला मला अथर्ववेदातलं भूमिसूक्त जास्त जवळचं वाटतं. त्यात पृथ्वीबद्दल म्हटलं आहे, ‘जनं बिभ्रती बहुधा विवाचसं नानाधर्माणं पृथिवी यथौकसम्’. वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या, वेगवेगळ्या रीतींनी राहणाऱ्या माणसांना ती एका घरातल्यांसारखं धारण करते. ‘विवाचसम्’, निरनिराळ्या वाणीचे. घर एक असायला भाषा एक असावी लागत नाही, हे ऋषीला इतकं साहजिक वाटतं की त्यासाठी त्यानं वेगळा युक्तिवादही केलेला नाही. ऋग्वेदात दहाव्या मंडलात वाणीवर सूक्त आहे. त्यात पुन्हा ऐकण्याचाच मुद्दा येतो: कुणी बघूनही वाणीला बघत नाही, कुणी ऐकूनही तिला ऐकत नाही.

ग्रंथांतलं झालं. प्रत्यक्षात हा प्रश्न जेव्हा जेव्हा आला तेव्हा धर्माच्या लोकांना निर्णय घ्यावे लागले, आणि ते सोपे नव्हते. बुद्धांकडे ब्राह्मण कुळातले दोन भिक्खू आले. ठिकठिकाणचे लोक आपापल्या बोलीत तुमची वचनं म्हणून ती बिघडवतात, आपण ती छंदात, म्हणजे वेदांच्या धाटणीच्या भाषेत बांधू, असं त्यांनी सुचवलं. बुद्धांनी त्यांना फटकारलं आणि ‘सकाय निरुत्तिया’, आपल्या भाषेत धम्म शिकावा असं सांगितलं. गंमत अशी की ‘आपल्या’ म्हणजे कुणाच्या, यावरच पुढे मतभेद झाले. भाष्यकार बुद्धघोष म्हणतात बुद्धांच्या स्वतःच्या, म्हणजे मागधी भाषेत. आजचे बरेच अभ्यासक म्हणतात शिकणाऱ्याच्या. एका सर्वनामावर एवढं अवलंबून असतं.

महानुभाव पंथात नागदेवाचार्यांची आठवण आहे. केशिराज संस्कृतात रचना करू लागले तेव्हा आचार्यांनी त्यांना थांबवलं, का, तर यानं माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. ‘नागवणं’ हा शब्द बघा. समजणार नाही, अवघड जाईल, असं ते म्हणत नाहीत. लुटल्या जातील म्हणतात. जे त्या म्हाताऱ्यांच्या मालकीचं आहे ते भाषा बदलून त्यांच्याकडून काढून घेतलं जाईल. भाषा आणि धर्म यांवरचं इतकं नेमकं वाक्य मी दुसरीकडे वाचलेलं नाही. स्लाव लोकांसाठी लिपी घडवणाऱ्या सिरिल यांना नवव्या शतकात व्हेनिसमध्ये असाच वाद घालावा लागला. हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन या तीनच भाषांत देवाची स्तुती शोभते असं तिथल्या धर्मगुरूंचं म्हणणं होतं. त्यांच्या चरित्रात उत्तर नोंदलं आहे: देवाचा पाऊस सगळ्यांवर सारखा पडत नाही का, सूर्य सगळ्यांवर तळपत नाही का, मग तीनच भाषा मानताना तुम्हाला लाज कशी वाटत नाही?

दुसऱ्या बाजूलाही वजन आहे. सगळ्यांनी मिळून एक पवित्र भाषा सांभाळणं ही सुद्धा माणसांना जोडणारी मोठी गोष्ट आहे. दोन खंडांतले दोन मुसलमान एकमेकांशी एक वाक्य बोलू शकत नसतील, पण नमाजाला शेजारी उभे राहिले की शब्द एकच असतात. हिब्रू, संस्कृत, पाली, लॅटिन यांनी शतकानुशतकं हेच काम केलं. भाषांतरात काहीतरी सांडतंच, म्हणून मूळ जपणाऱ्यांना मी कधीच कर्मठ म्हणणार नाही. इस्लामी धर्मशास्त्राचे मोठे जाणकार इमाम अबू हनीफा यांनी नमाजात फारसीतून पठण करायला मुभा दिली होती. त्यांच्याच दोन शिष्यांनी ती ज्याला अरबी येत नाही त्याच्यापुरती ठेवली. आणि लोकभाषेची सक्ती केली तरी जखम होतेच: तुर्कस्तानात 1932 पासून 1950 पर्यंत अजान तुर्की भाषेतच द्यावी लागे. बंदी उठली तेव्हा लोक अरबी अजानीकडे परतले. आपली भाषा वरून लादली की ती आपली राहत नाही.

धर्मानं भाषा मारल्याही आहेत, आणि हे न सांगता पुढे जाणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. कॅनडात चर्चच्या हाती असलेल्या निवासी शाळांत आदिवासी मुलांना त्यांच्या भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. सुमारे दीड लाख मुलं त्या शाळांतून गेली. 2015 मध्ये या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाचा अंतिम अहवाल आला, 2022 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिथे जाऊन माफी मागितली. ‘देव एक, म्हणून भाषा एक’ हा विचार निरुपद्रवी नाही, त्याची किंमत मुलांनी मोजली आहे.

एकच भाषा झाली तर भांडणं मिटतील, या आशेला मी हसत नाही. झामेनहोफ यांनी 1887 मध्ये एस्पेरांतो ही सगळ्या जगासाठी घडवलेली भाषा प्रसिद्ध केली ती लहानपणी आपल्या गावातले चार समाज एकमेकांचा द्वेष करताना पाहून. बहाई धर्मात सगळ्या जगानं एक सामायिक भाषा निवडावी अशी स्पष्ट शिकवण आहे, पण ती मातृभाषेच्या जोडीला शिकायची, तिला बाजूला सारून नव्हे. हा फरक फार मोलाचा आहे. बायबलमध्येही दोन्ही सूर आहेत: सफन्या संदेष्टा म्हणतो की देव शेवटी सगळ्या लोकांना शुद्ध ओठ, म्हणजे शुद्ध वाणी, देईल, आणि ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकात सिंहासनापुढे उभा असलेला जमाव प्रत्येक राष्ट्राचा, वंशाचा आणि भाषेचा आहे. तिथपर्यंत भाषा टिकल्या आहेत. आणि एका भाषेनं एकी येते म्हणणाऱ्यांनी रवांडाची आठवण ठेवावी. 1994 च्या तिथल्या नरसंहारात मारणारे आणि मरणारे एकच किन्यारवांडा भाषा बोलत होते, आणि बहुतेक जण एकाच देवाची प्रार्थना करत होते. बाबेलच्या विटेची गोष्ट मला तिथे परत दिसते.

आता माझ्या कामातला एक प्रसंग. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या आपत्तीनंतर निरनिराळ्या धर्मांच्या प्रतिनिधींनी संयुक्त निवेदन काढायचं ठरवलं. बैठक व्हिडिओ कॉलवर, मसुदा इंग्रजीत, दीड पानाचा. आम्हा भाषांतरकारांना तो आदल्या दिवशी मिळाला. त्यात तीन गोष्टी होत्या: आम्ही शोक करतो, आम्ही एकाच ईश्वराची लेकरं आहोत, आम्ही पीडितांच्या पाठीशी उभे राहू. मी आत्ता लिहिताना सहज ‘आम्ही’ लिहिलं, पण इंग्रजीत नुसतं ‘वुई’ होतं. मी पहिल्याच ओळीवर अडले. आम्ही की आपण? ‘आम्ही’ म्हटलं तर वाचणारा बाहेर राहतो: सह्या करणारे आम्ही, आणि दुःखात असलेले तुम्ही. ‘आपण’ म्हटलं तर वाचणाराही आत आला. मी गटात प्रश्न टाकला. तासाभरात तमिळ भाषांतरकारानं तोच प्रश्न टाकला, त्यांच्याकडे ‘नाम’ आणि ‘नांगळ्’. मग इंडोनेशियन सहकारीण, त्यांच्याकडे ‘किता’ आणि ‘कामी’. ज्यांनी मसुदा लिहिला होता त्यांना आम्ही कशावर अडलो आहोत हेच आधी कळेना. त्यांच्या भाषेनं तो प्रश्न कधी विचारलाच नव्हता.

बैठकीत मी तो मांडला. सगळे म्हणाले, अर्थात ‘आपण’ म्हणा, माणसं एकच आहेत. तेवढ्यात एक बौद्ध भिक्खू, जे तोवर काहीच बोलले नव्हते, म्हणाले: शोकाच्या वाक्यात मला ‘आपण’मध्ये धरा, मदतीच्या वाक्यातही धरा. ईश्वराच्या वाक्यात धरू नका, आम्ही निर्माता ईश्वर मानत नाही. पण त्या वाक्यासाठी मला खोलीबाहेरही काढू नका. जैन प्रतिनिधींनी मान हलवली. मग जवळजवळ दोन तास त्या एका सर्वनामावर चर्चा झाली, आणि इतक्या वर्षांत मी ऐकलेली ती सगळ्यांत खरी आंतरधर्मीय चर्चा होती. शेवटी शोकाची आणि कर्तव्याची वाक्यं ‘आपण’मध्ये गेली. श्रद्धेच्या वाक्याचे तुकडे झाले, ज्यानं त्यानं आपलं ‘आम्ही’ म्हणून सांगितलं. इंग्रजी मसुदाही बदलावा लागला, दीड पानाची दोन पानं झाली. सगळ्यांनी इंग्रजीतच वाचून सह्या केल्या असत्या तर भिक्खूंच्या नावावर ते वाक्य गेलं असतं, आणि आपल्यात एकी आहे असं सगळ्यांना वाटत राहिलं असतं.

यंत्रांबद्दल विचारलं आहे म्हणून सांगते: मी ती रोज वापरते आणि त्यांचं मला ओझं वाटत नाही. ज्या माणसाशी दोन वाक्यं बोलणं अशक्य होतं त्याच्याशी आता बोलता येतं, हे थोडं नाही. पण तीन गोष्टींकडे डोळे उघडे ठेवा. जगात सुमारे सात हजार भाषा आहेत आणि मोठ्यात मोठ्या सेवा दोन-अडीचशे भाषांपाशी थांबतात. संयुक्त राष्ट्रांनी 2022 ते 2032 हे आदिवासी भाषांचं दशक म्हणून जाहीर केलं आहे ते उगीच नाही. जोडलेल्या जगात न जोडलेली भाषा पूर्वीपेक्षा जास्त एकटी पडते.

दुसरं, अनेक यंत्रणा मध्ये इंग्रजीचा पूल वापरतात, आणि पुलाच्या मापाचंच सामान पलीकडे जातं. फ्रेंच कॅथलिक प्रभूच्या प्रार्थनेत, म्हणजे येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत, देवाला पूर्वी आदरार्थी ‘वू’ म्हणत, 1966 पासून ‘त्यू’ म्हणू लागले. म्हणजे देवाशी एकेरीवर आले. आपण तर पहिल्यापासून एकेरीवरच आहोत. पण ती प्रार्थना इंग्रजीच्या पुलावरून मराठीत आली की कित्येकदा ‘तुम्ही आम्हाला क्षमा करा’ होऊन येते. व्याकरण चुकलेलं नाही. देव तेवढा परका झाला.

तिसरी गोष्ट प्रसंगानं सांगते. एका ऑनलाइन शोकप्रार्थनेत पडद्याखाली यंत्राचं भाषांतर धावत होतं. एक वयस्क मराठी बाई गहिवरून म्हणाल्या, देवाची माया सगळ्यांवर असू दे. खाली इंग्रजीत उमटलं की देवाचा भ्रम सगळ्यांवर असो. यंत्राला वेदान्तातली माया ठाऊक होती, आजीची नव्हती. काही चेहरे गोंधळले. मी माइक मागून घेतला आणि सांगितलं की आमच्याकडे आईच्या प्रेमाला माया म्हणतात. त्यावर एक ज्यू गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे करुणेला ‘रहमीम’ म्हणतात, आणि गर्भाशयाला ‘रेहेम’. एका मुस्लिम बाईंनी लगेच जोडलं, अरबीतही ‘रहमान’, ‘रहीम’ आणि गर्भाशयाचं ‘रहिम’ एकाच धातूचे. तालमुदात राब्बी यहूदा यांचं वचन आहे की वचनाचं शब्दशः भाषांतर करणारा खोटं बोलतो आणि त्यात पदरचं घालणारा निंदा करतो. या दोहोंच्या मधली वाट त्या दिवशी तिघांनी मिळून काढली. चूक झाली नसती तर कुणी थांबलंच नसतं, आणि कार्यक्रम वेळेवर संपला असता.

आता प्रार्थनेचा प्रश्न. मिश्नात, म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या ज्यू विधिसंग्रहात, कोणत्या गोष्टी कुठल्याही भाषेत म्हणता येतात याची यादी आहे. तिच्यात शमा हे ज्यू लोकांचं सगळ्यांत मुख्य पठण आहे, ‘ऐक, हे इस्राएल’ अशी त्याची सुरुवात. तालमुदात त्यावर वाद नोंदला आहे. राब्बी यहूदा हनासी म्हणतात, जसं लिहिलं आहे तसंच, हिब्रूतच म्हणावं. बाकीचे पंडित म्हणतात, पहिला शब्दच बघा, ‘शमा’: तुला जी ऐकू येते, कळते, त्या कुठल्याही भाषेत. बाबेलमध्ये हरवलेला तोच शब्द. दोन्ही मतं ग्रंथात शेजारी शेजारी ठेवली आहेत, चालतं मात्र पंडितांचं मत.

म्हणून मूळ शब्द पाठ असतील तर ते सोडू नका, ते तुम्हाला कितीतरी पिढ्यांबरोबर उभं करतात. त्यांचा अर्थ शिका, एकेक शब्द, आणि तो तुम्हाला आईच्या भाषेत सांगता येतो का बघा. जिथे अडाल तिथे यंत्राकडे जायच्या आधी ती प्रार्थना जिच्या रोजच्या तोंडात आहे अशा माणसाला विचारा. एक लक्षात आलं असेल: प्रभूच्या प्रार्थनेची सुरुवात ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी आहे, यात मराठीत ‘आमच्या’ आहे, तमिळमध्ये ‘एंगळ्’, इंडोनेशियनमध्ये ‘कामी’. तिन्ही भाषांनी इथे ‘आपण’ नाकारलं, कारण बोलणं देवाशी आहे. शेजाऱ्याशी बोलताना कुठलं सर्वनाम येतं ते बघायला हवं. सकाळी मूळ भाषेत, रात्री आपल्या भाषेत, असं मी करते. ज्या ओळीवर थांबावंसं वाटतं ती वहीत लिहून ठेवते, आणि शेजारी तारीख.